उदास माणसाचे ताट

(बल्लारपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, ते वर्गात आलेले पोर जेवून आले आहे की नाही हे आधी विचारणाऱ्या पिढीतले शिक्षक होते. उपाशी पोराच्या डोक्यात गणित शिरत नाही, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आहार आणि मन हा विषय त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्यासपीठावर मांडायला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

विषय जाहीर झाल्यापासून अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. मॅडम, मन चांगले राहायला नेमके काय खायचे? केळी, अक्रोड, डार्क चॉकलेट की हळदीचे दूध? मोबाईलवर रोज अशा याद्या फिरतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही. पण तुमच्यातले काही जण दुसऱ्याच कारणासाठी आले असतील. त्यांच्या घरात कोणीतरी महिना-दोन महिने नीट बोललेले नाही. ताट समोर ठेवले तर दोन घास खाऊन उठते. ‘जेवण जात नाही’ एवढेच सांगते. माझे आजचे बोलणे मुख्यतः या घरांसाठी आहे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगते. उदासी घालवणारा एकही पदार्थ जगात नाही. पण पुरेसे, सकस जेवण वेळेवर आणि सोबतीने पोटात जाणे, याचा मनाच्या आजाराशी खोल संबंध आहे. आणि हे जेवण उभे करण्याची ताकद नेमकी आजारी माणसातच उरलेली नसते. म्हणून त्याच्या ताटाची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही. ती घराची आहे, आणि थोडी गावाचीही आहे.

आधी आजार ओळखू

दुःख होणे म्हणजे नैराश्य नव्हे. माणूस गेले, पीक गेले, नोकरी गेली तर मन खचणारच. पण जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ मन खिन्न राहते, कशातच गोडी वाटत नाही आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालते, तेव्हा सावध व्हावे. झोप बिघडते, भूक मरते किंवा भलतीच वाढते. अंग जड वाटते, आपण कुचकामी आहोत असे वाटते, जगू नये असे विचार येतात. हा आजार आहे. तो आळस नाही, बाहेरची बाधा नाही आणि स्वभावातला दोषही नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे ५ टक्के, म्हणजे विसांतल्या एकाला, आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार झालेला आढळला. या सभागृहातल्या खुर्च्या मोजल्या तर हा आजार आपल्या किती जवळ आहे ते कळेल.

या आजारावर उपचार आहेत. समुपदेशन आहे, औषधे आहेत. चालू असलेले औषध आहाराच्या भरवशावर कोणीही बंद करू नये. मी आहार शिकवणारी बाई आहे, म्हणून हे मीच ठणकावून सांगितले पाहिजे.

उपाशी शरीराचे मन

अन्न कमी पडले की मन बिघडते, याचा पुरावा शंभर वर्षांचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्रा नावाचा आजार पसरला. मक्यावर गुजराण करणारी गरीब माणसे आणि कापड गिरण्यांतले मजूर त्याला बळी पडत. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, पुढे झोप उडायची, खिन्नता यायची आणि शेवटी भ्रम व्हायचा. मनोरुग्णालयांचे वॉर्ड अशा रुग्णांनी भरलेले असत. हा संसर्गाचा रोग आहे, असेच बहुतेकांचे मत होते.

१९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरकडे हे काम आले. त्याच्या लक्षात आले की रुग्णालयातल्या रुग्णांना पेलाग्रा होतो, पण त्याच वॉर्डात राबणाऱ्या परिचारिकांना होत नाही. संसर्ग असता तर त्यांनाही झाला असता. फरक जेवणात होता. अनाथालयांत आणि जॉर्जियाच्या मनोरुग्णालयात त्याने दूध, अंडी, मांस आणि शेंगावर्गीय धान्य वाढवले, आणि आजार हटला. कमी पडणारे नायसिन हे जीवनसत्त्व नंतर, १९३७ मध्ये सापडले.

ही गोष्ट दूरदेशीची वाटेल. पण आपल्या बल्हारशाह स्थानकातून दक्षिणेला जाणारी गाडी ज्या तेलंगणात शिरते, तिथेही हा आजार होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या रुग्णांमध्येही खिन्नता हे ठळक लक्षण होते. याचा दोष ज्वारीला देऊ नका. ज्वारी उत्तम धान्य आहे. भाकरीसोबत डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही आणि वर्षानुवर्षे हेच चालते, तिथे आजाराचे मूळ आहे.

दुसरा पुरावा निव्वळ उपासमारीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे दीड हजार कॅलरींवर ठेवले. आधी मनाने ठणठणीत असलेली ही माणसे चिडकी, एकलकोंडी आणि उदास झाली. हसणे-बोलणे आटले, कशावरच मन लागेना. दीड हजार कॅलरी ऐकल्यावर मला आपल्याकडच्या राबणाऱ्या बाया आठवतात. दिवसभर रोवणीत वाकायचे, आणि रात्री भांड्यात जे उरेल ते पोटात घालायचे. अशी बाई गप्प गप्प राहू लागली, तर तिच्या मनाची चौकशी करताना तिच्या ताटाचीही चौकशी करावी लागते.

तिसरा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता. त्या काय खातात, याचा तिने पाठपुरावा केला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो हे तिने १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातला घटक म्हणजे आज आपण ज्याला फोलेट म्हणतो तो. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. मेंदूतली रसायने घडवायला शरीराला फोलेट लागते, आणि नैराश्याच्या अनेक रुग्णांमध्ये ते कमी आढळते.

फोलेटच्या जोडीने बी-१२ चे नाव घ्यावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्यांच्यापैकी ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. पालेभाजीत आणि धान्यात ते नसते. ते फार कमी झाले की हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होते, थकवा येतो आणि मन खचते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते घटते.

आणि लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. रक्तक्षय म्हणजे नैराश्य नव्हे. पण दम लागणे, कामाला हात न उठणे, सतत पडून राहावेसे वाटणे या खुणा दोन्हींत सारख्याच असतात, आणि एकाने दुसऱ्याचा भार वाढतो. म्हणून उदास माणसाला दवाखान्यात नेले की हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारा. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा आजार आहे. अशा घरांनी लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. आधी तपासणी, मग गोळी.

गोळी, पदार्थ आणि ताट

आता उलट बाजू. कमतरता भरून काढल्यावर मन सुधारते, हे ठीक. पण ज्यांना एरवी नैराश्य आहे, त्यांचा आजार चांगल्या आहाराने हलका होतो का?

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्माइल्स’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण तीत होते. बऱ्याच जणांचे औषधोपचार चालूच होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञांनी वेळोवेळी भेटून भाज्या, फळे, कडधान्ये, सालासकट धान्य, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल यांकडे वळवले. गोड, तळलेले आणि पाकिटबंद पदार्थ कमी केले. उरलेल्यांना तेवढ्याच भेटींत गप्पागोष्टींची सोबत दिली. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ३२ टक्के लोकांचा आजार ओसरला होता, दुसऱ्यातल्या ८ टक्क्यांचा. चाचणी लहान होती, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे भाग घेणाऱ्यांना ठाऊक होते. त्यामुळे या आकड्यांवर इमले बांधू नयेत. तरी आशा वाटावी असे हे काम आहे.

तिच्याशेजारी दुसरी चाचणी ठेवा. युरोपातल्या चार देशांत १०२५ लोकांवर झालेल्या ‘मूडफूड’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. या लोकांचे वजन जास्त होते आणि मनात उदासीची सुरुवात होती. त्यांतल्या काहींना वर्षभर ओमेगा-३, फोलेट, ड जीवनसत्त्व यांसारख्या घटकांच्या गोळ्या दिल्या, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. त्याच चाचणीत खाण्याच्या सवयी बदलण्याचे समुपदेशनही होते. त्याचाही एकूण गटाला ठोस फायदा दिसला नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८ हजारांहून अधिक लोकांना ड जीवनसत्त्व देऊन पाहिले. तिथेही नैराश्य टळले नाही. ज्यांच्या शरीरात कमतरता आहे त्यांना गोळी हवीच. ज्यांच्यात कमतरता नाही, त्यांनी आनंद मिळेल म्हणून महागड्या डब्या विकत घेऊ नयेत.

केळ्याचेही सांगते. केळ्यात सेरोटोनिन असते, म्हणून ते ‘आनंदी फळ’ आहे, असा संदेश सगळ्यांनी वाचला असेल. सेरोटोनिन मनःस्थितीशी संबंधित आहे, हे खरे. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते, हेही खरे. पण खाल्लेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू ते स्वतः तयार करतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून, आणि तो घटक डाळी, दूध, अंडी, मासे, तीळ, शेंगदाणे अशा प्रथिनयुक्त अन्नातून येतो. केळे जरूर खा. स्वस्त आहे, पोटाला आधार देते. हळदीचे दूधही प्या, त्यातल्या दुधासाठी. हळदीवरचे प्रयोग तिच्यातले कर्क्युमिन काढून मोठ्या मात्रेत दिलेल्या गोळ्यांवर झाले आहेत. चिमूटभर हळदीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

मग हाती काय उरते? पूर्ण ताट उरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसाच्या दिवसासाठी साधारण असे ताट सुचवले आहे : २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस-मासे, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, आणि थोडा दाण्या-तिळांचा वाटा. आपल्याकडच्या बहुतेक ताटांत भाताचा ढीग मोठा, वरण पातळ आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते. पहिला बदल इथे हवा : भात एक मूठ कमी, वरण घट्ट, भाजी दुप्पट.

आपल्या मुलखातले अन्न

ऑलिव्ह तेल आणि सामन मासा आपल्याला परवडणार नाही. गरजही नाही. वैनगंगा आणि वर्धेच्या खोऱ्यात काय कमी आहे? चंद्रपूर-गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत, ढिवर बांधवांनी त्यांत धरलेल्या मासोळ्या आहेत, झिंगे आहेत. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान मासोळीत प्रथिने, बी-१२ आणि कॅल्शियम एकत्र मिळते. बाजारात तिची किंमत मोठ्या माशाहून कमी असते.

पावसाळा लागला की बांधावर तरोटा येतो. उन्हाळ्यात चिवळ मिळते, हिवाळ्यात पालक आणि हरभऱ्याची भाजी. अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवणारी घरे अजून आहेत. जंगलात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, निघतात. ते चिरून, भिजवून, उकळून त्यांचे पाणी टाकूनच खावेत, हे इथल्या आजीबाईंना ठाऊक आहे. वारुळावर सात्या, म्हणजे अळंबी, उगवतात. त्या ओळखणाऱ्याच्या हातूनच घ्याव्यात. चार, टेंभूर, बोरे, जांभळे, सीताफळे ही फळे पोरांना फुकट मिळत आली आहेत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या बायांचे झाडापेडांशी असलेले नाते ‘गोईण’ या पुस्तकात नोंदवले आहे. ते घरोघरी वाचले जावे.

जवस तर विदर्भाचेच. त्यात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर असते. शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकते, म्हणून जवसाची चटणी हे नैराश्यावरचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. पण मासे न खाणाऱ्या घरात रोज चमचा-दोन चमचे जवसाची चटणी असावी. जवस भाजून कुटलेले हवे. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात.

या अन्नाच्या वाटेत एक अडचण आहे आणि ती दडवून चालणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. जंगलाकाठच्या घरांत ही धास्ती कायमची वस्तीला आली आहे. मनाच्या आरोग्याविषयी बोलताना या भीतीचे नाव घेतलेच पाहिजे. गटाने जाणे, दिवस वर आल्यावर जाणे, वनविभागाचा इशारा पाळणे, एवढे तरी सांभाळावे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलावर गावाचा हक्क असणे म्हणजे गावाच्या ताटावर गावाचा हक्क असणे.

आणि मोहफूल? ते वाळवून, भाजून लाडू केले तर पोराबाळांचा खाऊ होतो. त्याची दारू गाळली तर गोष्ट वेगळी होते. दारूने दुःख घटकाभर बोथट होते. पण दारू मेंदूला मंदावते, झोप मोडते आणि नैराश्य वाढवते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा असो वा नसो, उदास माणसाच्या हाताशी बाटली राहू नये, एवढे घराने पाहिलेच पाहिजे.

खर्र्याचेही तसेच. तंबाखू-सुपारीचा तोबरा भरला की भूक मरते. सकाळी चहा आणि खर्रा, दुपारी पुन्हा खर्रा, असा दिवस ढकलणारी तरुण मुले मी पाहते. त्यांचे पोट रिकामे आहे, हे त्यांनाही कळत नाही.

रात्रपाळीचा डबा

बल्लारपुरात जेवणाच्या वेळेबद्दल न बोलता मी परत गेले, तर व्याख्यान अर्धे राहील. हे गाव कागद गिरणीच्या भोंग्यावर आणि कोळशाच्या खाणींच्या पाळ्यांवर जगले आहे. रेल्वेही पाळीवरच चालते. पाळ्या फिरत राहिल्या की झोप, भूक आणि मन यांचा मेळ मोडतो. रात्रपाळी करणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते.

याबाबत २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून एक लक्षवेधी प्रयोग प्रसिद्ध झाला. १९ जणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळीवर ठेवले. काही जण दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा जेवत, काही फक्त दिवसा. रात्रीही जेवणाऱ्यांमध्ये उदासीची लक्षणे २६ टक्क्यांनी आणि चिंतेची १६ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांमध्ये ती वाढली नाहीत. माणसे थोडी होती आणि दिवस मोजके. तरीही जेवणाच्या वेळेचा मनावर परिणाम होतो, हे या प्रयोगातून नीट दिसते.

घरात हे कसे उतरवायचे? रात्रपाळीला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी पोटभर जेवावे : भाकरी किंवा पोळी, घट्ट वरण, भाजी, दही. मध्यरात्री भरगच्च डबा उघडण्याऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एखादे फळ पुरे. कँटीनच्या वड्या-समोशांवर रात्र काढू नये. सकाळी घरी आल्यावर हलके खाऊन अंधाऱ्या खोलीत झोपावे. दुपारी उठल्यावर मुख्य जेवण घरच्यांसोबत घ्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि घरच्यांनो, रात्रपाळीचा माणूस दुपारी एकटा जेवत असेल तर कोणीतरी त्याच्याजवळ बसा.

घरात शेवटी जेवणारी

आपल्याकडे पुरुष जेवतात, मुले जेवतात, सासू-सासरे जेवतात, मग सून जेवते. वरणातली डाळ आधीच वाढून गेलेली, भाजी संपलेली. ती भात आणि पाणी झालेले वरण खाते, तेही उभ्या उभ्या. मिनेसोटातले तरुण २४ आठवड्यांत खचले. ही बाई वर्षानुवर्षे असे जेवते आणि सगळ्यांना हसतमुख हवी असते.

बाळंतिणीचे अधिक सांगावे लागते. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला. त्यात सुमारे २२ टक्के, म्हणजे पाचांतल्या एका बाळंतिणीत नैराश्य आढळले. घर बाळाच्या कौतुकात असते, आणि ही कोपऱ्यात रडते. त्यातच पथ्य म्हणून कुठे भाजी बंद, कुठे फळे बंद, कुठे पाणीसुद्धा मोजून. बाळंतिणीला डाळ, पालेभाजी, दूध, अंडी आणि फळे हवीत, भरपूर पाणी हवे, आणि झोप हवी. ती बाळाकडे पाहत नसेल, सारखी रडत असेल, तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा.

आदिवासी भागात महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा ताजा, चौरस आहार द्यायचा. या योजनेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की ती बाई घराबाहेर पडून इतर चार जणींच्या पंगतीत बसते. तिच्या वाट्याचे अन्न तिच्याच पोटात जाते, आणि जेवताना तिला कोणीतरी विचारते, ‘कशी आहेस?’

ताट पोचवणारी माणसे

इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते. नैराश्यातल्या माणसाला ‘नीट जेव, फिरायला जा, मन रमव’ असे सांगणे सोपे आहे. त्याला हे सगळे कळत असते. जमत नसते. चूल पेटवण्याचे बळ नसते. म्हणून सल्ल्याच्या आधी सोबत पोचली पाहिजे.

हे भावनेच्या भरात बोललेले नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. ते रुग्णाला रोजच्या जगण्यातली एकेक कृती पुन्हा हाती घ्यायला मदत करत. अंघोळ, स्वयंपाक, शेजारणीकडे जाणे, अशी लहान कामे. ४९५ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी, ज्यांना ही सोबत मिळाली त्यांतल्या ६४ टक्क्यांचा आजार ओसरला होता. ज्यांना केवळ नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले त्यांतल्या ३९ टक्क्यांचा.

आपल्या विदर्भातही हे झाले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या झळा सोसलेल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा उपक्रम ३० गावांत राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४ टक्के होते, दीड वर्षात ते २७ टक्के झाले. माणसे जवळ आली, तेव्हा आजार उघड्यावर आला.

बल्लारपुरात काय करता येईल? पहिले, घरोघरी आठवड्यातून काही दिवस तरी सगळ्यांचे एकत्र जेवण. सून आधी किंवा सगळ्यांबरोबर, शेवटी नाही. टीव्ही आणि मोबाईल बंद. दुसरे, वस्तीत ज्या घरी आजारपण, मृत्यू किंवा नोकरी गेल्याचा आघात झाला आहे, तिथे डबा पोचवणे. मयतीच्या घरी शेजारच्यांनी जेवण नेण्याची रीत आपल्याकडे आहेच. ती तेराव्यावर थांबवू नका. खरे एकटेपण पाहुणे गेल्यानंतर सुरू होते. तिसरे, महिला बचत गटांनी आपल्या बैठकीत वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिनची तपासणी ठेवावी आणि मनाच्या आजारावर उघडपणे बोलावे. चौथे, शाळांनी परसबागेत जवस, अंबाडी, शेवगा लावावा आणि पोषण आहारात वापरावा.

उदास माणसाला जेवू घालण्याचीही एक रीत आहे. मोठे ताट समोर ठेवून ‘संपव’ म्हणू नये. वाटीभर मऊ खिचडी, आंबील, दही-भात, उकडलेले अंडे, असे थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. बरे वाटू लागले की त्याला स्वयंपाकात एखादे काम द्यावे : भाजी निवडणे, शेंगा सोलणे. खाल्ले नाही तर रागावू नये. वजन झपाट्याने घटत असेल, किंवा त्याने अन्न-पाणीच सोडले असेल, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणाच्या तोंडी आली, तर ती नाटक समजू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. शासनाची टेली मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक आहे १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. ग्रामीण रुग्णालयात आणि चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करता येते. हा क्रमांक आत्ताच आपापल्या फोनमध्ये जतन करा. मी थांबते.

जतन केला? मग शेवटची विनंती. आज घरी जाताना आपल्या ओळखीतले एक नाव ठरवा. हल्ली कमी बोलणारे, कमी जेवणारे, समारंभ टाळणारे कोणीतरी. येत्या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि त्यांच्यासोबत जेवा. तुमच्या घरी किंवा त्यांच्या घरी, जे साधेल ते. वरण, भात, भाजी, चटणी पुरे. जेवताना उपदेश करू नका, ऐका. त्यांना डॉक्टरांकडे जायचे असेल तर सोबत जा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, कारण हा आजार एका जेवणाने जात नाही. गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे श्रोते एवढे नक्की करतील, असा मला विश्वास आहे.